वरच्या बाई आणि सतरा टॉफ्या

बांधकामावर तिला सगळे ‘वरच्या बाई’ म्हणायचे. सकाळी आठला ती क्रेनच्या शिडीवर पाय ठेवायची आणि संध्याकाळी पाचपर्यंत तिचं दर्शन व्हायचं ते फक्त पक्ष्यांना. साठ मीटर उंचीवर काचेची खोली, एक खुर्ची, दोन दांडे आणि पायाशी पाण्याची बाटली. जेवणाचा डबासुद्धा तिथेच. अशा खोल्यांमध्ये तिनं एकोणीस वर्षं काढली होती. त्याआधी ती विटा वाहायची, मग मालाची लिफ्ट चालवायला लागली आणि एकदा क्रेनवाला महिनाभर रजेवर गेला तेव्हा “मी शिकते की” म्हणून पुढे झाली. आठवड्याभरात रडत खाली येईल, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. ती काही आली नाही.

नाकावर माशी बसू न देणारी बाई. घरी, दुकानात, बसमध्ये कुणी शहाणपण शिकवायला लागलं की हिच्या कपाळाला आठी पडलीच. वर मात्र शिकवायला कुणी नव्हतं. वॉकीटॉकीवर ‘खालचा’ तेवढा बोलायचा. खालचा म्हणजे माल बांधून इशारे देणारा माणूस. “बाई, घ्या वर. डावीकडे. अजून. टेकवा.” दहा वर्षांत दोघांनी एकमेकांना याहून फारसं काही सांगितलं नव्हतं, आणि एवढ्यात दोघांचं छान जमलं होतं.

तर अशा बाईंना साखर निघाली. वार्षिक तपासणीत साखरेची तीन महिन्यांची सरासरी, म्हणजे एचबीएवनसी, साडेआठ आली. कंपनीचा नियम असा की आकडा सातच्या वर असेल तर क्रेन नाही. डॉक्टरांनी तीन महिन्यांची मुदत दिली. “नाही उतरली, तर स्टोअरमध्ये बसायचं. तिथे खुर्ची असते,” असं त्यांनी अगदी मायेनं सांगितलं. बाईंना खुर्चीची हौस असती, तर त्या शिडी कशाला चढल्या असत्या?

घरी गेल्या गेल्या तिनं भात बंद केला, पाव बंद केला, बटाटा बंद केला. डब्यात उकडलेली अंडी, कोबी, मासे, मूठभर बदाम. झालं! नात्यागोत्यातल्या सगळ्यांना एकदम वैद्यकशास्त्र आठवलं. नणंद म्हणाली, “भाताशिवाय अंगात ताकद कशी राहील गं?” शेजारीण म्हणाली, “अंड्यांनी उष्णता होते.” धाकट्या दिरानं तर असं उपाशी राहून माणसं कशी जातात, याच्या दोन गोष्टी जेवता जेवता ऐकवल्या, आणि तेही भाताची मूद पुढ्यात घेऊन.

“भावोजी, मी तुमचं काय घोडं मारलंय?” ती म्हणाली. “तुमच्या ताटातला भात मी काढून घेतलाय का? मग माझ्या ताटातल्या अंड्याकडे बघू नका.”

नवरा तेवढा गप्प असायचा. घड्याळं दुरुस्त करणारा शांत, बारीक माणूस. बायको आभाळात टांगलेली असते या विचारानं तो एकोणीस वर्षं घाबरत आला होता. त्याला मनातून वाटे, बरं झालं, आता तरी ही खाली येईल. पण हे तोंडावर बोलायची त्याची छाती नव्हती.

एक गोष्ट मात्र तिला जिवावर आली. टॉफ्या. अवघड माल नीट टेकला की एक टॉफी तोंडात, हा तिचा वरचा रिवाज. दिवसाला पंधरा-वीस सहज व्हायच्या. पहिले अडीच महिने तिनं दात आवळून काढले. मग नवऱ्यालाच दया आली आणि त्यानं एक मोठं पाकीट आणून दिलं. “शुगर-फ्री आहेत. साखर नाहीच, म्हणजे कितीही खा.” तिनं एक चघळली, दोन तासांनी बोटाला सुई टोचून साखर मोजली. काडीचा फरक नाही! इतकी खूश तर ती पगारवाढीलाही झाली नव्हती.

तपासणीला बारा दिवस राहिले होते. सात किलो वजन उतरलं होतं, सकाळची साखर एकशे दहाच्या आसपास येत होती. त्या सकाळी नवव्या मजल्यावर सळ्यांचे भारे चढवायचे होते. वारा सुटलेला, भारे लांबलचक, एकेक टेकवताना डोळ्यांत तेल घालून बघावं लागत होतं. भारा टेकला की टॉफी. अकरा वाजेपर्यंत सतरा भारे झाले आणि सतरा टॉफ्या.

अठरावा भारा अधांतरी असताना पोटात पहिली कळ आली.

ती जेवणानंतरची बारीकशी कळ नव्हती. कुणीतरी आतून दार ठोठावत होतं. बाईंना दरदरून घाम फुटला. हुकाला दोन टन लोखंड लोंबकळतंय, खाली चौदा माणसं, आणि भरला हूक सोडून क्रेनवाल्यानं उठायचं नसतं, मग काहीही होवो. तिनं दात आवळले, बाकीचं सगळंही आवळलं, आणि दांडा केसभर केसभर हलवत राहिली.

“बाई, इतकं हळू का?” खालच्यानं विचारलं. “काय झालं?”

आता काय सांगणार? त्या वॉकीटॉकीवर सबंध बांधकाम कान लावून असायचं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईनं चाळीस पुरुषांच्या कानात काय सांगायचं? तिला जो पहिला सभ्य शब्द सुचला तो ती बोलून गेली.

“जरा चक्कर आल्यासारखं होतंय. थांब, टेकवते.”

भारा टेकला. हूक मोकळा झाला. तिनं क्रेन रीतसर बंद करून चावी काढली आणि शिडीला लागली. साठ मीटर शिडी ती कशी उतरली ते तिचं तिला ठाऊक, आपण विचारू नये. वेळेत पोचली, एवढं सांगून पुढे जाऊ.

पण क्रेनवाल्यानं एक शब्द कधी उच्चारायचा नसतो, आणि तिनं नेमका तोच उच्चारला होता. ती संडासातून बाहेर आली तर समोर बांधकामाची सुरक्षितता बघणारे सेफ्टीसाहेब उभे, हातात घटनांचं रजिस्टर. माणूस वाईट नव्हता. तरुण होता आणि घाबरलेला होता.

“बाई, चक्कर आली म्हणालात. सगळ्यांनी ऐकलंय. मला लिहावं लागलं.”

“चक्कर नव्हती ती.”

“मग काय होतं?”

दिराला, नणंदेला, डॉक्टरांना सरळ उत्तर देणारी ही बाई पोराएवढ्या माणसापुढे लाल होऊन उभी राहिली. प्रथमोपचाराच्या खोलीत साखर मोजली, ती एकशे बारा. रक्तदाब ठीक. तरी सेफ्टीसाहेब मान हलवत राहिले. “आकडे ठीक आहेत हो. पण उंचीवर चक्कर म्हणजे क्रेन बंद, मग पुढची तपासणी वगैरे प्रश्नच नाही. उद्यापासून स्टोअर.” त्यांनी हात पुढे केला आणि तिनं चावी दिली.

तिथल्या खाटेवर बसून तिनं टॉफीचं पाकीट उलटं केलं. मागे, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत छापलं होतं : जास्त प्रमाणात खाल्ल्यास जुलाब होऊ शकतात.

घरी नवऱ्यानं ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला. त्यानं आनंद लपवायचा प्रयत्न केला, पण तीस वर्षांच्या संसारात एवढं लपत नसतं. “जाऊ दे गं,” तो म्हणाला. “देवानंच सुचवलं समज. माझ्या जिवाला घोर नाही, तुझ्या पायांना शिडी नाही.”

“देवानं नाही, टॉफीनं सुचवलं,” ती म्हणाली. “आणि त्याहून जास्त माझ्या लाजेनं. हातीपायी धड बाई मी, एक साधा शब्द बोलवेना म्हणून आजारी ठरले! लोक मला बिचारी म्हणणार, आणि तू खूश?”

“मी खूश नाही.”

“आहेस. असू दे. पण मी उद्या वर जाणार.”

तिनं दोन अंडी उकडली, मीठ लावून उभ्यानंच खाल्ली. रडू आलं होतं, तेही तिनं अंड्याबरोबर गिळलं. राग मावत नव्हता, आणि तो सगळा तिचा स्वतःवरच होता.

बांधकामावर रोज सकाळी कामाआधी सगळ्यांना पटांगणात उभं करून आदल्या दिवशीच्या घटना मोठ्यानं वाचून दाखवत. दुसऱ्या दिवशी सभा सुरू व्हायच्या आधीच बाई सेफ्टीसाहेबांच्या टेबलाशी हजर. पाकीट तिनं त्यांच्यापुढे टाकलं, मागची बाजू वर करून. त्यांनी डोळे बारीक करून वाचलं आणि त्यांचे कान लाल झाले.

“किती खाल्ल्या होत्या?”

“सतरा. रजिस्टर द्या.”

“बाई, मी लिहितो ना. पोटाचा त्रास, असं.”

“पोटाचा त्रास लिहाल, तर पुढचा कुणी त्याचा अल्सर करेल. जे झालं ते लिहायचं.” तिनं ‘चक्कर’वर आडवी रेघ मारली आणि ठसठशीत अक्षरांत लिहिलं : जुलाब. कारण : शुगर-फ्री टॉफ्या, नग सतरा. चक्कर आली असं खोटं सांगितलं, ती चूक माझी. खाली सही. “आणि आज मीच वाचणार.”

वाचलं. शंभरावर माणसं उभी होती. ‘जुलाब’ शब्द निघाला आणि आधी मागची रांग फुटली, मग सगळं पटांगण खदखदायला लागलं. हेल्मेटं काढून माणसं डोळे पुसत होती. बाईंच्या कानशिलांतून वाफा निघत होत्या, पण तिनं मान खाली घातली नाही. ‘नग सतरा’ तर तिनं मुद्दाम दोनदा वाचलं.

खालचा तेवढा हसत नव्हता. “त्या भाऱ्याखाली मी होतो. भारा नीट टेकला,” तो सेफ्टीसाहेबांना म्हणाला. सवयीप्रमाणे तेवढंच बोलला.

सेफ्टीसाहेब घुटमळले. “पण बाई, पुन्हा खाल्ल्यात तर?”

“खाणारच. रोज दोन. तिसरी नाही. आणि अकरा दिवसांनी साखरेची सरासरी सातच्या खाली दाखवणार. नाही आली, तर मी स्वतः स्टोअरमध्ये जाऊन बसेन, कुणी पाठवायला नको. पण जी चक्कर मला आलीच नाही, तिच्यासाठी मी खाली बसणार नाही.” तिनं रजिस्टर मिटून त्यांच्या हातात दिलं आणि आपला तळवा पुढे केला. मागे अजून कुणीतरी खिदळत होतं. तिनं वळून पाहिलं, त्याचं हसून संपेपर्यंत थांबली.

“झालं तुझं?” तिनं विचारलं, आणि साहेबांकडे वळली. “चावी.”

आठ वाजून दहा मिनिटांनी क्रेन फिरायला लागली.