शेंदेलोणाच्या खाणीवर

अजूनही कुणी माझ्यासमोर सैंधवाचं कौतुक सुरू केलं की मी उठून स्वयंपाकघरात जाते. पाहुण्यांना वाटतं, चहा टाकायला गेली. चहा मी टाकतेही, पण उठलेली असते रागाने. हा राग चांगला मुरलेला आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

आमचं घर पनवेलच्या खाडीकाठचं, आगऱ्यांचं. पावसाळ्यात भात, तो सरला की मीठ. मिठागर मालकाचं, राबणारे आम्ही. आई लग्न होऊन आली त्या सालापासून मिठात उतरली होती. खाडीचं पाणी वाफ्यात घेण्याआधी वाफ्याची जमीन तुडवून तुडवून दगडासारखी करावी लागते. बायका-पुरुष ओळीने उभे राहतात आणि एका तालात पाय आपटत पुढे सरकतात. मग पाणी, मग ऊन. मीठ धरलं की ते ओढायचं, पाट्यांत भरायचं, डोक्यावरून नेऊन राशीवर टाकायचं. हे सगळं अनवाणी. आईच्या टाचा चिरून गेलेल्या असत. संध्याकाळी ती कोकमाचं तेल तापवून त्या भेगांत सोडायची, तेव्हा तोंडातून आवाज काढायची नाही, फक्त डोळे घट्ट मिटून घ्यायची. वर पनवेलच्या आळ्यांतून पाटी घेऊन मीठ विकायलाही तीच जायची.

मी शिकले आणि पनवेलच्याच एका मुलींच्या शाळेत शिक्षिका झाले. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. वडील तोवर गेले होते. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत आम्हा शिक्षिकांची उत्तरेकडे सहल ठरली. सगळी जुळवाजुळव मुख्याध्यापिकांनी केली होती. आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणत असू. प्रत्येकीने घरचं एक माणूस आणलं तरी चालेल असं त्या म्हणाल्या. कुणी नवऱ्याला आणलं, कुणी नणंदेला. मी आईला घेतलं. कापणीला भाऊ होता आणि मिठागरं अजून सुरू व्हायची होती. आईने ठाण्यापलीकडे काही पाहिलेलं नव्हतं. थंडीसाठी मी तिला कॅनव्हासचे बूट आणि लोकरीचे मोजे घेऊन दिले. गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं आणि खाली पांढरे बूट अशी ती एस.टी.त चढली तेव्हा दोघी-तिघी तोंडाला पदर लावून हसल्या. आईही त्यांच्याबरोबर हसली.

दिल्ली झाली, अमृतसर झालं. मग पठाणकोटहून छोट्या आगगाडीने आणि पुढे बसने आम्ही हिमाचलातल्या एका डोंगरी गावात गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या माणसांनी माझं काही वाकडं केलं नाही. त्या गावचा डोंगर मिठाचा आहे. राजांच्या काळापासून तिथे शेंदेलोण, म्हणजे सैंधव, खणतात. फाळणीत सैंधवाची मोठी खाण पलीकडे गेली, तेव्हापासून या गावाला जास्तच महत्त्व आलेलं. मोठ्या बाईंनी मुद्दाम असा हिशेब बसवला होता की कार्तिकी एकादशी तिथेच यावी. गाडीत त्या सारखं म्हणत होत्या, "विचार करा, एकादशी आणि सैंधवाचा डोंगर! असा योग पुन्हा नाही."

गाव सुरेख होतं, हे मान्य केलं पाहिजे. पाटीच्या दगडांची उतरती छपरं, चढणीचा फरसबंद रस्ता, राजाच्या वेळचं जकातीचं घर, त्याच्या ओट्यावर ऊन खात बसलेले म्हातारे. दुकानादुकानांतून तांबूस-काळ्या मिठाचे दगड मांडलेले. गाईगुरांनी चाटून चाटून गुळगुळीत केलेला एक मोठा दगड चौकातच पडला होता. आई प्रत्येक दुकानापुढे थांबत होती. दगडाला बोट लावायची, बोट जिभेला लावायची आणि माझ्याकडे बघून मान डोलवायची. इतकी खूश मी तिला फार कमी वेळा पाहिलं होतं.

खाण दाखवायला तिथला एक कारकून आला. गळ्याला मफलर, हातात कंदील, बोलायची भारी हौस. खाणीच्या तोंडाशी तो म्हणाला, "समंदर का नमक तो मैला होता है, बहनजी. ये देवता का नमक है." मी सोडून दिलं. प्रत्येक जण आपला माल विकतो.

आत थोडं अंतरच आम्हाला नेलं. भिंती ओल्या, छत वाकलेलं, हवेत धूर. माणसं पहारी मारत होती आणि पाठीवरच्या टोपल्यांचा पट्टा कपाळाला लावून ढेकळं बाहेर नेत होती. ती वाकून आमच्या बाजूने जाताना आम्ही भिंतीला चिकटून उभे राहायचो. आमच्यातल्या एकीच्या नवऱ्याने एकाला थांबवून त्याचा फोटो काढला. टोपलीसकट तो माणूस उभा राहिला, कारकून सांगेल तोपर्यंत. बाहेर आल्यावर उन्हात बायका बसून ढेकळं फोडत होत्या. तिथे मोठ्या बाईंनी एक चांगला खडा निवडला, दोन्ही हातांनी कपाळाला लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, वर्गात सांगतात तसं, सांगू लागल्या.

"उपासाला हेच का चालतं, माहीत आहे? याला माणसाचा पाय लागलेला नसतो. आपल्याकडचं मीठ म्हणजे पायाखाली तुडवलेलं. ते कसं चालेल देवाला?"

आई त्यांच्यापासून हाताभरावर उभी होती. मी खाडीकाठची आहे हे त्यांना ठाऊक होतं. नोकरीच्या मुलाखतीत त्यांनीच मला विचारलं होतं, घरी काय करतात म्हणून. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं असं पुढे सगळ्यांनी मला समजावलं. मनात काही नव्हतं हाच तर माझा मुद्दा आहे. आई समोर उभी असून त्यांच्या मनात ती आलीच नाही.

मी म्हटलं, "बाई, वाफे पायांनी तुडवतात ते मीठ यायच्या आधी. आणि इथे काय माणसं उडत जातात? आत्ता आत बघितलंत ना, अनवाणी मिठावरच चालत होते."

"ते डोंगरावर चालतात," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या. "मीठ डोंगराच्या पोटात असतं."

माझं डोकंच फिरलं. मी आईचा दंड धरून तिला पुढे ओढलं. "मग हे पाय बघा! बारा महिने तुमच्या घरात जे मीठ लागतं ते या पायांनी केलेलं आहे. आई, बूट काढ. दाखव बाईंना पाय."

ढेकळं फोडणाऱ्या बायका हातोड्या थांबवून बघू लागल्या. त्यांना भाषा कळत नव्हती, भांडण कळत होतं. फोटोवाल्या गृहस्थाने कॅमेरा खाली केला.

आईने बूट काढले नाहीत. तिने माझा हात दंडावरून सोडवला आणि हळू आवाजात म्हणाली, "मना कशाला पुढं ढकलतंस? मी काय दाखवाला आणलेली वस्तू हाय? मी बगाला आयलीय इथं."

एवढं बोलून ती वळली, खाणीजवळच्या दुकानात गेली आणि तिने स्वतःसाठी सैंधवाचा एक खडा घेतला. घेतल्यावर तोही कपाळाला लावला, मोठ्या बाईंनी लावला होता अगदी तसाच.

तो क्षण आठवला की आजही माझ्या अंगाची लाही होते. जन्मभर मीठ पिकवणारी बाई, आणि तिलाही तेच वाटत होतं! आपलं मीठ जेवणाचं, हे देवाचं. मी तिच्या मागे जाऊन म्हटलं, "तुला राग येत नाही?"

"यील तवा यील," ती म्हणाली. "आज एकादशी हाय. आज तरी नको."

संध्याकाळी धर्मशाळेत मोठ्या बाईंनी सगळ्यांना एकत्र बसवलं. उकडलेले बटाटे, दही आणि त्यावर भुरभुरलेलं नवं सैंधव. मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू लहान आहेस, रागाच्या भरात बोललीस. मी काही मनावर घेतलेलं नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. एकीच्या डोळ्यांत तर पाणी आलं, बाईंच्या मनाच्या मोठेपणामुळे. म्हणजे अपमान झाला माझ्या आईचा आणि माफी मिळाली मला! मागितली नसताना! मी पानावरून उठले. बाहेर ओट्यावर थंडीत बसून राहिले, तर आई द्रोणात बटाटे घेऊन आली आणि शेजारी बसली.

"बाई मोठ्या मनाची हाय," ती म्हणाली.

"तू असं बोलू नकोस."

"बरं, नाय बोलत. खा."

मी खाल्लं नाही. आईने ते बटाटे स्वतः खाल्ले, बोटं चाटूनपुसून, आणि मग म्हणाली की चव बरी हाय, पन आपल्या मिठाइतकं लागत नाय. हे तिने दुपारी, त्या सगळ्यांसमोर का नाही म्हटलं? मी विचारलं. ती रिकामा द्रोण उचलून आत गेली. परतीच्या सगळ्या प्रवासात ती माझ्याशी बोलत होती ती फक्त पाणी दे, खिडकी लाव, एवढंच.

शाळा सुरू झाल्यावर सहलीची हकिकत मुलींना सांगायचं काम मोठ्या बाईंनी स्वतःकडे घेतलं. मी मागच्या भिंतीशी उभी राहून ऐकलं. डोंगर, खाण, राजा, एकादशी सगळं आलं. माणसाचा पाय न लागलेलं मीठ हेही आलं. वर्गात आमच्या गावच्या, शेजारच्या गावांच्या मुली होत्या. त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मोठ्या बाईंच्या खोलीत जाऊन सांगितलं की हे वाक्य त्यांनी मागे घ्यावं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "अजून तेच धरून बसलीस?" वाक्य मागे घेतलं गेलं नाही. मी दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला त्याच मुलींना वाफे कसे करतात ते फळ्यावर काढून दाखवलं. अभ्यासक्रमात नव्हतं म्हणून मला लेखी समज मिळाली. ती मी घेतली आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच वाफे फळ्यावर काढले.

मिठागरं सुरू झाली तेव्हा एका रविवारी मी आईचं जेवण घेऊन बांधावर गेले. दुपारची वेळ होती, बायका सावलीला टेकल्या होत्या आणि आईला सहलीचं विचारत होत्या. आई रंगात आली होती.

"डोंगराच्या पोटात मीठ, बाय! काळोखात माणसा कामाला. त्यांना ऊन म्हणून बगाला नाय. मना लई वायट वाटलं त्यांचं. त्यांच्यापेक्षा आपुन बरं, उजेडात तरी हाव."

पांढऱ्या राशींवरून परतणाऱ्या त्या उजेडाने तिचे डोळे तेव्हाच अधू झाले होते. पनवेलच्या डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं होतं. आणि ही खाणीतल्या माणसांची कीव करत होती! माझा संताप पुन्हा उसळला, पण कुणावर काढणार? मी म्हटलं, "आई, मोठ्या बाई काय बोलल्या तेही सांग की यांना."

तिने डोळ्यांवर हात धरून माझ्याकडे पाहिलं. "ती तुजी गोष्ट हाय. तू सांग, तुला सांगाची तवा."

मग ती पुन्हा बायकांकडे वळली आणि त्या छोट्या गाडीचं सांगू लागली. चढणीवर गाडी एवढी हळू चालते की एक माणूस खाली उतरला, रुळाकडेची बोरं तोडली आणि परत येऊन आपल्या जागेवर बसला. बायका विश्वास ठेवायला तयार नव्हत्या. आईने शपथ घेतली.