दुखऱ्या पाठीने केलेलं जयपूर

भावाने न मागता तिकीट काढून पाठवलं, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

श्रीकांत माझा धाकटा भाऊ. बँकेत अधिकारी, सध्या बदलीवर जयपूरला. "ताई, ये की एकदा" असं तो दर दिवाळीला फोनवर म्हणतो, मीही "येते की" म्हणते, आणि त्या बोलण्यावर कुणी बॅग भरत नाही. या जानेवारीत मात्र थेट मोबाइलवर तिकीट. पुणे ते जयपूर, एसी, खालचा बर्थ. सोबत निरोप, "इथे पाठीसाठी चांगल्या डॉक्टर आहेत. आठवडाभर ये. आईकडे दाजी बघतील."

दाजी म्हणजे माझे यजमान. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मिळतंय तर जाऊन ये ना." तेही जरा लगबगीनंच म्हणाले. म्हणजे हेही सामील.

मी निवृत्त शिक्षिका. परीक्षेच्या हॉलमध्ये कॉपी पकडण्यात माझं नाव होतं, आणि ती नजर निवृत्तीच्या दिवशी शाळेत जमा करून येता येत नाही. मला दिसत होतं ते एकच, या सगळ्यामागे आई आहे. आई सांगलीला आमच्याकडे असते. दोन वर्षांपूर्वी ती पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून बाथरूमला, दिवसातून कितीदा तरी मी तिला उचलत आले. वॉकर घेऊन चाला म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, पण ती "नाही जमत गं" म्हणायची. माझी कंबर त्यातच गेली. सांगलीतल्या डॉक्टरांनी एमआरआय काढून "मणक्यातली गादी थोडी सरकलीय, आराम करा" असं सांगितलं. बाईला आराम करा सांगायला कुणाचं काय जातं! "हल्ली फार चांगल्या संस्था निघाल्यात" असं श्रीकांतने गेल्या वर्षी एकदा चाचपून पाहिलं होतं, तेव्हा मी फोनच ठेवून दिला होता. आता मला आठवडाभर लांब ठेवून मागे आईला कुठे हलवायचा बेत असेल तर? पण पाठ इतकी दुखत होती की शेवटी आईला उचलायला आठवड्यापुरती एक बाई लावून गेले.

ज्यांची पाठ दुखते त्यांना एक सांगते, जयपूरला विमानापेक्षा रेल्वे बरी. विमान लवकर पोचतं, पण ताटकळणं आणि आखडून बसणं आलंच. रेल्वेत खालचा बर्थ मिळाला की आडवं होऊन जाता येतं. दुपारनंतर पुणं सोडलं, सुरत-बडोदा झोपेत गेलं, रतलामला गरम पोहे मिळाले. समोरच्या बर्थवर पुण्यात मार्बलचा धंदा असलेल्या घरातल्या एक मारवाडी बाई होत्या. माझं कण्हणं ऐकून म्हणाल्या, "चांदपोल में पहलवानजी हैं. हाथ लगाते ही दर्द गायब." हात लावताच गायब होणाऱ्या दुखण्यांवर माझा विश्वास नाही. तरी पत्ता लिहून घेतला. संशयी माणसालाही पाठ असतेच.

दुसऱ्या दिवशी दुपारी जयपूर. स्टेशनवर श्रीकांत रजा टाकून गाडी घेऊन हजर. मार्चअखेर तोंडावर असताना हा रजा टाकतो! वाटेत त्याने पाठीबद्दल एकदा विचारलं आणि आईबद्दल चारदा.

त्यांचं घर मानसरोवरला, पहिल्या मजल्यावर. वृषालीने, म्हणजे माझ्या भावजयीने, बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि वर गूळ-तूप असं साग्रसंगीत जेवायला घातलं. थंडी अशी की फरशीवर पाय टेकवत नव्हता. हात धुवायला जाताना मागच्या लहान खोलीचं दार उघडं दिसलं. आत एक नवाकोरा पलंग होता. बाजूला कठडा, खाली चाकं, गादीवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं.

"हा गं कुणासाठी?"

"असाच. सेल होता ना," वृषाली म्हणाली आणि भाकरी उलटायला धावली.

कठड्याचा पलंग कुणी सेल होता म्हणून घेतं का? म्हणजे संस्था वगैरे नाही, आईला इथेच आणायचा घाट होता. खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. रात्री झोपताना मी त्या खोलीचं दार ओढून घेतलं.

डॉक्टरांची वेळ परवाची होती. तोवर मधल्या दिवशी भाचीला हाताशी धरून मी गुपचूप चांदपोल गाठलं. आदिती कॉलेजात आहे, जन्म आणि शाळा सगळं महाराष्ट्राबाहेर. "आत्या, मतलब पप्पांना नाही सांगायचं?" एवढंच तिने विचारलं. मानसरोवरहून मेट्रो थेट चांदपोलला जाते. डबे स्वच्छ, भाडं चहाभजीच्या पैशात बसतं, फक्त चांदपोलला जमिनीखालून वर येताना लिफ्ट शोधा. पायऱ्यांच्या वाटेला जाऊ नका.

पहलवानजींचं दुकान एका गल्लीत. भिंतीवर कुस्तीचे फोटो, हवेत मोहरीच्या तेलाचा वास, बाकावर पाच-सहा माणसं. शेजारचा गृहस्थ आपणहून सांगू लागला, "मैं तो उठ नहीं पाता था बहनजी. अब देखिए." आणि ताडकन उठून दाखवलं. माझ्यानंतर एक म्हातारे आले, तर त्यांनाही तेच, तसंच ताडकन. रुग्ण बरा झाल्यावर रोज दुकानात कशाला बसेल, असं मी आदितीच्या कानात म्हटलं. पण तोवर पहलवानजींनी हाक मारली होती. "नस चढ़ी हुई है," असं म्हणून त्यांनी मला पालथं घातलं, तेल चोळलं आणि कंबरेत असा हिसका दिला की तोंडातून शब्द फुटेना. मग खरं सांगायचं तर मोकळं वाटलं. तेलाची बाटलीही घ्यावी लागली. बाहेर आल्यावर आम्ही प्याज कचोरी खाल्ली (तिखट आहे, बरोबर दही मागून घ्या), हवा महल समोरच्या फुटपाथवरून पाहिला, आणि मी "पहलवानजी खरे निघाले बाई" म्हणतेय तोच बडी चौपडच्या चौकात कळ पुन्हा जागच्या जागी आली. परतीच्या मेट्रोत मी एका शाळकरी मुलीला उठवून बसले.

तिसऱ्या दिवशी सी-स्कीम भागातल्या डॉक्टर. फिजिओथेरपिस्ट, तिशीतली मुलगी. वृषाली आणि आदिती बरोबर होत्या. रिपोर्ट तिने उभ्या उभ्या पाहिले आणि बाजूला ठेवले. कशा बसता, कशा उठता, केर कसा काढता, सगळं करून दाखवायला लावलं. मग म्हणाली, "घर में किसी को उठाती हैं?"

मी कान टवकारले. "मां को," मी म्हटलं.

"दिखाइए."

आदितीला खुर्चीत बसवलं. "मतलब मी आता आजी ना?" म्हणत तिने अंग अगदी सैल सोडलं. मी वाकले, तिच्या काखेत हात घातले आणि श्वास रोखून ओढली. अर्ध्यात अशी कळ आली की आदितीला परत खुर्चीत टाकून मी भिंत धरली. डोळ्यांत पाणी आलं.

"बस," डॉक्टर म्हणाली. "यही है. व्यायाम सिखा दूंगी, दर्द कम होगा. लेकिन ये बंद करना पड़ेगा. बिल्कुल बंद."

माझ्या मनात आलं, हिला पढवून ठेवलंय. वृषाली खिडकीबाहेर बघत होती, आणि कॉपी करणारा मुलगा नेमका तसाच खिडकीबाहेर बघत असतो.

रात्री जेवणानंतर मी श्रीकांतला धरलं. "त्या मुलीला तू आधी सगळं सांगून ठेवलं होतंस."

"हो. खोटं सांगितलं का?"

"आणि तो पलंग?"

"आईसाठी. थंडी सरली की आणू. सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने आमच्याकडे."

"आई काय बँकेची फाइल आहे, या टेबलावरून त्या टेबलावर सरकवायला? आणि तुम्ही दोघं दिवसभर बाहेर. तिला उचलणार कोण?"

"बाई ठेवू," वृषाली म्हणाली. "ताई, तुम्हीच अंथरूण धरलंत तर तुम्हां दोघींना कोण बघणार?"

"तिला माझ्याशिवाय नाही जमत," मी म्हटलं.

श्रीकांत म्हणाला, "ताई, पाठ तुझी एकटीची आहे, कबूल. आई दोघांची आहे."

मी उठून गेले, पण झोप लागली नाही. फसवून आणलं याचा राग होता आणि त्यांचं बरोबर असेल याची भीती होती.

पुढचे दिवस व्यायाम आणि फिरणं. सकाळी रजई अंथरून जमिनीवर पाठ टेकायची, गुडघे दुमडायचे, एकेक पाय उचलायचा. डॉक्टर रोज थोडं वाढवायची. आमेरच्या किल्ल्यावर चढायला हत्तीवर बसू नका, पाठीलाही नको आणि हत्तीलाही नको. खालून जीप मिळते, घासाघीस करा. आत गाइड नको म्हटलं तरी एक बरोबर चालत राहिला आणि शेवटी रजयांच्या दुकानात घेऊन गेला. दुकानदार म्हणे, ही रजई फक्त शंभर ग्रॅमची. मी म्हटलं, वजन करून दाखवा. तराजू नव्हता. तरी घेतली एक, ऊबदार आहे. सामोदचा महाल की कापडछपाईचं सांगानेर असा प्रश्न पडला तर पाठवाल्यांनी सांगानेर निवडावं. छापील कापडं बघताना प्रत्येक दुकानात बसायला गादी मिळते.

संध्याकाळी घरी फोन करायचे.

"आई कशी आहे?"

"मजेत," यजमान म्हणायचे.

"बाई येते ना वेळेवर?"

"हं."

मग आई फोनवर यायची. "तू फिर गं निवांत. घाई नको करूस." मी भाजी आणायला गेले तरी घड्याळ बघणारी माझी आई मला निवांत फिर म्हणत होती! काहीतरी नक्की शिजत होतं.

निघायच्या आदल्या दिवशी आदितीची ओढणी जिन्यात पडली आणि मी वाकून उचलली. उचलून चार पायऱ्या चढले तेव्हा लक्षात आलं की कळ आली नाही. आधी विश्वास बसेना. मुद्दाम पुन्हा वाकून पाहिलं, दुखणं कुठे दबा धरून बसलंय का म्हणून. नव्हतं. दोन वर्षांनी मला माझी कंबर नुसती कंबर म्हणून जाणवली, आणि मी तिथेच जिन्यात बसून रडले. आनंद होताच. पण ही सुटका व्यायामाने झाली तितकीच आठवडाभर आईला न उचलल्याने झाली, हेही मला कळलं होतं. पाठ ठेवायची तर आईला सोडायचं, तिला घरी ठेवायचं तर पाठ जायची. परतीच्या प्रवासात खालच्या बर्थवर आडवी पडून मी हाच हिशेब करत होते.

सांगली स्टेशनवर यजमान घ्यायला आले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आधी भाजी घेऊन जाऊ या का?" नको म्हटलं. "चहा पिऊ या बाहेरच?" तेही नको म्हटलं. फाटकापाशी पोचल्यावर त्यांनी लांबलचक हॉर्न वाजवला. आपल्याच घरापुढे हॉर्न कोण वाजवतं? मी दार उघडून तरातरा आत गेले.

आई स्वयंपाकघर आणि तिची खोली यांच्या मधोमध होती. वॉकर धरून उभी, स्वतःच्या पायांवर. मला बघून तिथेच थिजली.

"बाई दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही," मागून यजमान म्हणाले. "आंघोळीला शेजारच्या माने काकू यायच्या. बाकी वेळी मी उठवायला गेलो तर आईंनी ऐकलं नाही. आणि तुला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली."

"जावयाला अंगाला हात लावू देऊ का मी?" आई फणकारली. "शोभतं का ते? उठले मग आपली आपण."

"कधीपासून जमतंय तुला?" मी विचारलं. "खरं सांग."

"सुरुवातीला नव्हतं गं जमत."

"आणि नंतर?"

ती वॉकर ढकलत पलंगापर्यंत गेली, कठीण जात होतं तिला, पण गेली, आणि बसली. "नंतर जमलं असतं," ती म्हणाली. "पण तू उचलायचीस तेव्हा मला गळ्यात हात टाकू द्यायचीस. एरवी तू कुठे कुणाला जवळ येऊ देतेस?"

मला राग आला, अजूनही आहे. दोन वर्षं माझी कंबर मोडत होती आणि ही बाई गप्प होती. त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही, चहाचा कप नुसता समोर ठेवला. पण ती म्हणाली ते खोटं नव्हतं, आणि खोटं असतं तर मी पकडलं असतं.

श्रीकांतला फोनवर सगळं सांगितलं, तर तो पोट धरून हसला. पावसाळ्यानंतर आईला जयपूरला घेऊन जाईन म्हटलंय, सहा महिन्यांचं तिथे गेल्यावर तिलाच विचारू. व्यायाम रोज चालू आहेत. कंबर अधूनमधून कुरकुरते, पण आता मी वाकू शकते.

सकाळी आई आपली आपण उठते. मी समोर नुसती उभी राहते, हात पुढे न करता. वेळ लागतो, ती पुटपुटते, एकदा मागे बसते, मग उभी राहते. उभी राहिली की वॉकर सोडून दोन्ही हात माझ्या गळ्यात टाकते आणि मी तिला धरते. सगळं वजन तिच्याच पायांवर आहे ना, ते मी रोज तपासते, आणि आहे हे कळल्यावरही लगेच सोडत नाही.