महिन्याच्या पगाराचा रॉड

शाळेतले तरुण मास्तर हल्ली रविवारी गरवायला जातात, म्हणजे गळ टाकून मासे पकडायला. त्यांच्यातलं कोणी ना कोणी मला विचारतं, "बाई, तुमच्याकडे भारीतला रॉड होता म्हणे. एवढे पैसे घालावेत का हो त्यात?" मी म्हणते, खुशाल घाला. मग पुढचा प्रश्न ठरलेला असतो, किती मासे मिळाले? तिथे माझं डोकं फिरतं. माशांसाठी घेतला होता कुणी?

माझे वडील रत्नागिरीत कचेरीत कारकून होते. आठवडाभर फायली, आणि सुट्टीच्या पहाटे मिऱ्याकडचं खडप, समुद्रात शिरलेले ते खडक. सामान म्हणजे लाकडाच्या तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, एक शिसं आणि एक गळ. तंगूस उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून सोडायचा, की खाली तांबोशी आमिष चाखतेय की शेंगटी, ते त्यांना बोटावर कळायचं. रॉडवाल्यांची ते टर उडवायचे. "काठी कोणाला लागते? ज्याला दिसत नाही त्याला."

गरवायला निघालेल्या माणसाला 'कुठे निघालात' असं विचारायचं नाही, हा आमच्याकडचा दंडक. विचारलं की मासा मिळत नाही. एकदा शेजारच्या काकूंनी चुकून विचारलं, तर बाबा पायरीवरून परत फिरले, पुन्हा एक चहा प्यायले आणि मगच बाहेर पडले. त्यामुळे ते तंगूस घेऊन निघाले की आम्ही सगळे गप्प. आई तर तोंड फिरवून कामाला लागायची.

नव्याण्णव साली त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारले, वाचा सुधारली, उजवा हात मात्र गेला. काखेत एखादी वस्तू दाबून धरता यायची, पण बोटं मिटत नव्हती. तंगूस ओढायला दोन हात लागतात, एकाने ओढायचं आणि दुसऱ्याने धरून ठेवायचं. एक दिवस त्यांनी तो लाकडाचा तुकडा माळ्यावर भिरकावला आणि ओटीवर बसून राहिले.

तेव्हापासून घरात एकच घोष. ते उठले की आई विचारायची, "कुठे निघालात?" परसात निघाले तरी कुठे, फाटकापाशी उभे राहिले तरी कुठे. मीही विचारायचे. काळजीच होती ती, पण प्रत्येक वेळी ते पुन्हा खाली बसायचे. मला ते बघवेना. मी मनाशी ठरवलं, यांना खडपावर परत न्यायचंच, मग काय वाट्टेल ते होवो.

रॉड काखेत दाबला तर त्याच्यावरचं तंगूस गुंडाळायचं रील एका हाताने फिरवता येतं, एवढं मला समजलं होतं. आधी बाजारातून स्वस्तातला आणला. त्याची मूठ उजवीकडेच, डावीकडे बसवायची सोय नाही, आणि दुसऱ्याच दिवशी अंगणात शिसं फेकून बघताना त्याचं टोक मोडलं. बाबा म्हणाले, "बरं झालं." मी हट्टाला पेटले. आखातात नोकरीला असलेल्या मावसभावाला पत्र लिहिलं, की सुट्टीवर येताना चांगल्यातला आण, मूठ डावीकडे बसणारा. माझा सबंध महिन्याचा पगार त्यात गेला.

आई म्हणाली, "त्यापेक्षा महिनाभर पापलेट विकत आणून खाऊ."

"पापलेट मी आणीन गो," मी म्हटलं, "पण त्याने बाबा खडपावर जाऊन बसणार आहेत का?"

रॉड आला तो मार्गशीर्षात. हलका, काळा, आणि रीलची मूठ नुसत्या करंगळीने फिरत होती. बाबा दोन दिवस ओटीवर बसून डाव्या हाताने ते फिरवत होते. तिसऱ्या पहाटे मी त्यांच्याबरोबर गेले. चांगलीच थंडी होती. रॉड रात्रभर ओटीवरच होता. त्यांनी तो काखेत दाबून डाव्या हाताने गळ फेकला, थोडा जवळच पडला. अर्ध्या तासात काठी वाकली. त्यांचा चेहरा मी इतक्या दिवसांनी तसा बघितला. पण मूठ फिरेना. जात्यात ओलं पीठ अडकावं तशी जड. त्यांनी दात आवळून दोनतीन वेढे घेतले, तेवढ्यात तंगूस दगडावर घासला आणि तुटला. बाजूला बसलेले दोघे जुने गरवणारे दुसरीकडे बघायला लागले. ते बघणं मला फार लागलं.

घरी आलो तेव्हा ऊन वर आलं होतं. मी अंगणात रील फिरवून बघितलं तर काय, लोण्यासारखं फिरतंय. बाबांनीही बघितलं. "रील चांगलं आहे," ते म्हणाले, "हातच गेलाय माझा. विकून टाक ते."

त्यानंतर आठ दिवस ते फाटकापर्यंतही गेले नाहीत. मी रोज दुपारी शाळेतून येऊन रील फिरवायचे, ते रोज फिरायचं. शेवटी मलाही वाटायला लागलं की हात तो हातच, नसता खटाटोप केला मी.

मग एका सकाळी शाळेत जायची घाई, केस विंचरायचे, आणि खोबरेलाची बाटली दगडासारखी घट्ट. थंडीत आमच्याकडे रोजचंच ते. बाटली उन्हात ठेवायची आणि वाट बघायची. मी ती पायरीवर ठेवली आणि तिथेच थबकले. आत जाऊन आईला विचारलं, "रीलला काही लावलंस का गो तू?"

"लावलं की," ती म्हणाली. "एवढं महागाचं यंत्र, खाऱ्या वाऱ्याने गंजलं असतं. आपल्या घाण्यावरचं खोबरेल आहे, चांगलं भरून घातलंय."

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आई पदराने डोळे पुसायला लागली, तेव्हा मला माझीच लाज वाटली. तिने त्या रीलची माझ्याहून जास्त काळजी घेतली होती.

त्या दिवशी मी शाळेला रजा टाकली. ओटीवर वर्तमानपत्र पसरलं, सोबत आलेल्या कागदावरचं चित्र समोर ठेवलं आणि एकेक स्क्रू काढला. आतलं सगळं रॉकेलने धुतलं, आईने पुसून दिलं, मग शिलाई मशीनच्या तेलाचे मोजके थेंब सोडले. एक चाक तीनदा उलटं बसलं. बाबा खुर्चीत बसून बघत होते. चौथ्यांदा म्हणाले, "दात खालच्या अंगाला असायला हवेत ते." तसं बसवलं, बसलं.

मी म्हटलं, "हात नव्हता अडला बाबा. थंडीने गोठलेलं खोबरेल अडलं होतं." रात्री रॉड त्यांनी स्वतःच आत घेतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली ती त्यांच्या चपलांच्या आवाजाने. काखेत रॉड, डाव्या हातात आमिषाचा डबा, आणि मला हाकही न मारता ते पायरी उतरत होते. आई अंगणात सडा घालत होती. तिने वर बघितलं, तोंड उघडलं, आणि मी दारातच थांबले.

"शेण संपत आलंय," आई म्हणाली, आणि तोंड फिरवून सडा घालायला लागली.

बाबा क्षणभर थांबले. मग कोपराने फाटक ढकलून ते निघून गेले. कुठे, ते आम्ही कोणी विचारलं नाही.