डांबरगोळ्यांतली झबली

“तुमच्या नातवाला जी-सिक्स-पी-डी डेफिशियन्सी आहे,” नांदेडच्या डॉक्टर बाई म्हणाल्या. “लोखंडाला गंज चढतो, तसा रक्तातल्या तांबड्या पेशींनाही चढतो. एक एन्झाइम तो सतत पुसत असतं. याच्या पेशींत तेच कमी आहे. गंज साचला की पेशी फुटतात.”

बाळ नऊ दिवसांचं. आदल्या दिवशी डोळे पिवळे झाले, मग लंगोट कोऱ्या चहाच्या रंगाचे. मुदखेडहून आम्ही तडक निघालो होतो.

“अंगावर काय घालत होता?”

आमच्याकडं तान्ह्याला नवं कापड घालत नाहीत. मी पेटीतली जुनी झबली काढली होती, डांबरगोळ्यांत जपलेली. धुतली नाहीत, नुसती झटकली. “आई, लई वास येऊन राहिलाय,” लेक म्हणाली होती. “वासानं कुणी मरत न्हाई,” मी म्हणाले होते.

“त्या गोळ्यांतलं नॅप्थलीन गंज भराभर वाढवतं,” डॉक्टर म्हणाल्या. “हा दोष मुलाला आईकडून येतो. माहेरी आधी एखादं मूल असं गेलंय का?”

गेलं होतं. लेकीच्या आधीचा माझा मुलगा, हिमायतनगरला. आम्ही कावीळ उतरवून आणली आणि वाट बघत बसलो. माझ्या लेकरांत ही झबली पहिल्यांदा त्यानंच घातली होती. तेव्हाही ती सासूबाईंच्या पेटीतून, गोळ्यांतूनच निघाली होती. नंतर लेकीनं घातली, तिला काही झालं नाही. मुलींत हा दोष बहुधा झाकलेला राहतो. त्याला हेच झालं होतं का, ते आता कुणी तपासू शकत नाही.

मी हे लेकीसमोरच सांगितलं. तिला भाऊ होता हे तिला ठाऊक नव्हतं.

बाळाला रक्त चढवलं, निळ्या दिव्याखाली ठेवलं. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर. तिसऱ्या दिवशी नर्सनं स्वच्छ लंगोट दाखवला, तेव्हा लेकीनं विचारलं, “त्याचं नाव काय होतं?”

“ठेवलंच न्हाई. तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी बारसं होतं.”

ज्यांच्या घरी असं बाळ आहे त्यांना दोनच गोष्टी सांगते. पेशी फुटत असताना या एन्झाइमची रक्ततपासणी कधी कधी चुकून नॉर्मल येते. डॉक्टर म्हणतील तेव्हा पुन्हा करा. आणि कुठलंही औषध घेण्याआधी या आजाराचं नाव सांगा.

नातू आता रांगतो. लेकरं किती, असं कुणी विचारलं की मी इतकी वर्षं एक सांगायची. आता दोन सांगते.