शशिकलाची डबी

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या एका छोट्या लॅबमध्ये रत्नप्रभा देवस्थळी सव्वीस वर्षं लोकांचे शौचाचे नमुने तपासत आहेत. त्यामुळे माणसांविषयी त्यांची मतं मोजकी, पण पुराव्यानिशी आहेत. दर पाच-सहा डब्यांमागे एकीत जंतांची अंडी सापडतातच. त्यांच्या कॉलनीत मात्र जंत कोणालाच होत नाहीत. होतं ते फक्त अपचन.

मग सचिव उदयसिंहांची नात रेवा फिकट पडली. डॉक्टरांनी अंकुशकृमी जातीचे जंत सांगितले. उदयसिंहांना गुन्हेगार संध्याकाळपर्यंत सापडला: चार घरी स्वयंपाक करणारी, तंजावरकडची शशिकला. तिची डबी तपासायची, रविवारी सभेत निकाल सांगायचा. जंत निघाले, तर चारही घरं बंद. हे जंत मातीतून तळपायात शिरतात, पोळीतून नव्हे, असं रत्नप्रभांनी सांगून पाहिलं.

"वहिनी, तुम्ही फक्त तपासा," उदयसिंह म्हणाले.

शनिवारी शशिकला बाहेर बाकावर बसली होती. दोन मुलींच्या फीचं काय, एवढंच तिने विचारलं होतं. रत्नप्रभांनी सूक्ष्मदर्शकाखाली काच सरकवली. काही नाही. आणखी सरकवली. काही नाही. मग दिसलं: पातळ कवचाचं, लंबगोल अंडं.

'आढळले नाही' हा शिक्का हाताशीच होता. तो त्यांनी आजवर खोटा मारला नव्हता. शेवटी रजिस्टरमध्ये हाताने 'आढळले' असं लिहिलं, आणि एक रिकामी डबी उचलून स्वतःच शौचालयात गेल्या.

सभेत उदयसिंहांनी निकाल मागितला. शशिकला दाराशी उभी होती.

"दोन नावं आहेत," रत्नप्रभा म्हणाल्या. "पहिलं माझं."

शेजारच्या दोघांनी खुर्च्या सरकवल्या.

"मी शशिकलाच्या हातचं खात नाही. आपल्या हिरवळीवर मात्र रोज सकाळी तुम्हा सगळ्यांबरोबर अनवाणी चालते. तीही तिथूनच ये-जा करते, चपला फाटकाशी काढायला लावता म्हणून. हिरवळीला पाणी कुठल्या टाकीचं घालतात, ते सचिवांना ठाऊक आहे."

आरोग्यासाठी अनवाणी चालण्याची टूम उदयसिंहांचीच. सांडपाण्याच्या टाकीला पाइप जोडण्याची काटकसरही. त्यांनी पाय खुर्चीखाली घेतले आणि शशिकलाचा विषय पुढच्या सभेवर ढकलला. पुढच्या सभेतही तो कोणी काढला नाही. शशिकलाने गोळी घेतली. पोळ्या चालू राहिल्या.

सोमवारी लॅबच्या पायरीवर नऊ डब्या ठेवलेल्या होत्या. एकीवरही नाव नव्हतं.