रजा मंजूर

खानदेशातल्या लोणखेड्याच्या एका कॉलेजात मी संगणक विभाग सांभाळतो. आमचे प्राचार्य कुणाचीच रजा नाकारत नाहीत, पण प्रत्येक ईमेलला उत्तर मात्र मी द्यायचं. कंटाळून मी बारा ओळींची स्क्रिप्ट लिहिली. ईमेलात ‘रजा’ शब्द दिसला की आपोआप उत्तर जाई, ‘आपली रजा मंजूर. परतल्यावर रुजू अहवाल द्यावा.’

पुढच्याच महिन्यात इतिहासाचे सर निवृत्त झाले. त्यांनी कॉलेजला मोठा हळवा ईमेल पाठवला आणि शेवटी लिहिलं, ‘आता आपणा सर्वांची रजा घेतो.’

सोमवारी सकाळी सर कडक इस्त्रीच्या सफारीत माझ्या टेबलापाशी हजर. हातात स्क्रिप्टच्या उत्तराची छापील प्रत.

“भाऊ, रुजू व्हवाले उनू. अहवाल कोनले देऊ?”

मी घाईघाईनं खुर्ची पुढे केली. “सर, ते मशीननं पाठवलंय हो.”

“चला, मशीनले तरी मन्ही गरज शे!”

त्यांना घेऊन मी प्राचार्यांकडे गेलो. प्राचार्यांनी कागद दोनदा वाचला, माझ्याकडे रोखून पाहिलं आणि सरांना म्हणाले, “इतिहासाची जागा अजून रिकामीच आहे. आजचा पहिला तास घेता का?”

चहा येईपर्यंतही सर थांबले नाहीत. खडू उचलून वर्गाकडे निघालेसुद्धा.