मारुतीला ब्रेक मॉनिटर

आकाराममामांच्या पत्रा दाबायच्या प्रेसला कारखान्यात सगळे ‘मारुती’ म्हणतात. कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या या कारखान्यात ट्रॅक्टरचे पत्र्याचे भाग बनतात. मी ब्रेक मॉनिटर बसवायला गेलो, तो नेमका शनिवार होता. मामा शिडीवर उभे राहून प्रेसच्या माथ्यावर पळीने गोडेतेल सोडत होते. प्रेसला रुईच्या पानांची माळ घातलेली.

“पावणं, बूट तिकडं काडा,” मामा वरूनच ओरडले.

“मामा, सेफ्टी शूज आहेत.”

“मग ऱ्हाऊ द्या. मारुती समजून घील.”

मामांचा आवाज असाच. तरुणपणी मलकापूरकडून आले आणि प्रेसच्या दणक्यावर आवाज चढवून बोलायची सवय जडली, ती घरीही सुटली नाही. त्यांची सून मोना सांगते, “मामंजींनी घरात चा मागितला की शेजारची बी आधण ठेवत्यात.”

मामा लवकरच निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी मोनाला घ्यावं, असा शब्द त्यांनीच मालक पारसशेठांकडे टाकला होता. इतके दिवस ती त्यांच्या शेजारी उभी राहून काम शिकली. त्या दिवशी प्रथमच ती प्रेस एकटीने चालवणार होती.

मामांनी दोन्ही हात माझ्या नाकासमोर नाचवले. “बघा बोटं. सगळी हाईत न्हवं? ह्या मारुतीनंच राखली. आन् आता तुमचा डबा त्येच्यावर पाळत ठेवनार व्हय?”

मी समजावलं, “थांबायचा हुकूम मिळाल्यावर प्रेस किती वेळात थांबते, ते हा डबा दर वेळी मोजतो. उशीर झाला, तर पुढचा ठोका पडूच देत नाही.”

“त्यो कशाला उशीर करतोय!”

सेन्सर बसवला, वायरिंग झालं, आम्ही पत्रा न घालता प्रेस चालवून पाहिली. चार-दोन ठोके पडले आणि लाल दिवा लागला. पुन्हा चालू केली, पुन्हा लाल.

“तुमचा डबाच आजारी हाय,” मामांनी निकाल दिला.

पारसशेठ घाईघाईने आले. “माल न्यायला गाडी येऊन उभी आहे. आजच्यापुरता डबा बंद ठेवला तर?”

मी नको म्हणालो. मामा मात्र पुढे सरसावले. “बंद ठेवा शेट. जबाबदारी माजी.”

मोनाने पदर खोचला आणि ती सरळ प्रेससमोरच्या स्टुलावर जाऊन बसली. “मामंजी म्हणत्यात तर बंद ठेवा. मी बसते.”

मामांनी तिच्या हातांकडे पाहिलं. मग वर, माळेकडे. मग लाल दिव्याकडे.

“उठ,” ते म्हणाले.

“का? तुमीच म्हणलासा न्हवं—”

“उठ म्हणतोय न्हवं! शेट, गाडी ऱ्हाऊ दे उबी.”

ब्रेकचं झाकण काढलं. आतलं लायनिंग तेलाने चिंब झालं होतं. मामांनी त्यावरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

“गोडंत्याल,” ते म्हणाले, चक्क हळू आवाजात. “मी मारुतीला घालतोय, आन् ब्रेक पितोय.”

कुणी हसलं नाही. मोना तेवढी हसली. “मग घसरनार न्हाय तर काय हुईल!”

कोल्हापूरच्या उद्यमनगरातून नवं लायनिंग येईपर्यंत दुपार कलली. तोवर मामांनी ब्रेकचा ड्रम स्वतः पुसून लखलखीत केला. मला हात लावू दिला नाही.

“मामा, पुढच्या शनिवारी काय करणार?”

“कोरडा उपास. मारुतीला काय जड हाय?”

लायनिंग बसलं. मोना पुन्हा स्टुलावर बसली, प्रेस चालवायच्या दोन्ही बटणांवर हात ठेवून थांबली.

“दाब की! का आता पंचांग बगतीस?”

प्रेसचा दट्ट्या खाली आला, वर गेला, थांबला. मामांनी आधी दिव्याकडे पाहिलं. हिरवा होता. मग सुनेकडे वळून ते अख्ख्या शेडला ऐकू जाईल असे ओरडले, “आता घाल पत्रा!”